आई, टीव्ही बिघडलेला नाही

दिवाळीत ४३ इंची टीव्ही घेतला. जुना २१ इंची डबा भंगारवाल्याने दीडशे रुपयांत नेला, तोही उपकार केल्यासारखा. नवा भिंतीवर चढला, आईने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि पहिल्याच रविवारी हॉलमधून हाक आली.

“अरे, हे वर-खाली काळं काय आलंय? पैसे अख्ख्या टीव्हीचे घेतले ना त्यांनी?”

सिनेमा चालू होता. चित्र मधोमध, वर एक काळी पट्टी, खाली एक. मी म्हटलं, “असंच असतं.” आईला ‘असंच असतं’ हे उत्तर आजवर कधी चाललेलं नाही. पोस्टाच्या पासबुकातल्या व्याजापासून गॅस सिलिंडरच्या वजनापर्यंत तिने प्रत्येक गोष्टीचा छडा लावलाय. शिवाय तिचा मुद्दा बिनतोड होता. मालिका अख्ख्या टीव्हीवर दिसते, बातम्या दिसतात, जाहिरात तर पार कोपऱ्यापर्यंत दिसते, मग सिनेमालाच काय धाड भरली?

मी रिमोट घेतला आणि झूमचं बटण दाबलं. पट्ट्या गेल्या, आई खूश. पाचच मिनिटं. पडद्यावर दोन भावांचं भांडण चाललं होतं, एक डाव्या टोकाला, एक उजव्या. आम्हाला दिसत होतं मधलं टेबल, टेबलावरचा तांब्या आणि दोन्हीकडून आत-बाहेर करणारी दोन नाकं. दुसरा पर्याय दाबला तर चित्र नुसतं उभं ताणलं गेलं, सगळी पात्रं सुक्या बोंबलासारखी. दुसऱ्या दिवशी टीव्हीचा स्टँड घट्ट करायला सर्व्हिसचा मुलगा आला, त्याला आईने गाठलं. त्याने काहीतरी खटपट केली आणि “आता नाही येणार पट्ट्या, मावशी” म्हणून गेला. त्या रात्री एक जुना कृष्णधवल मराठी सिनेमा लागला. त्यातली नायिका, जिच्या शेलाट्या बांध्याचं वडील आयुष्यभर कौतुक करायचे, ती अशी आडवी पसरली होती की वाड्याच्या दारात मावेना.

आई म्हणाली, “टीव्ही बिघडलेला आहे. परत दे.”

त्याच आठवड्यात मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आले. मामा आईचे थोरले भाऊ, ती त्यांना अण्णा म्हणते. बार्शीच्या एका टॉकीजमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. आता त्या जागी मंगल कार्यालय आहे. एका डोळ्यावर पट्टी, तिच्यावर काळा गॉगल, अशा थाटात त्यांना सोफ्यावर बसवलं आणि आईने खटला पुढे मांडला. “अण्णा, तूच बघ आता. तुझी सगळी हयात सिनेमात गेली.”

मामांनी उरलेल्या डोळ्याने जेमतेम पाच सेकंद पाहिलं.

“स्कोप आहे गं हा. पट्ट्या येणारच. त्या जागेत सिनेमा नसतोच मुळात. नाही त्याला दाखवणार काय?”

मामांच्या भाषेत सिनेमे दोनच जातींचे, साधा आणि स्कोप. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्याच केबिनमध्ये. १९८४ च्या मे महिन्याची सुट्टी, मी दहा वर्षांचा. टॉकीजच्या मागच्या लोखंडी जिन्याने वर गेलं की भट्टीसारखी तापलेली खोली, त्यात दोन प्रोजेक्टर, कार्बन जळल्याचा उग्र वास आणि भिंतीत चौकोनी भोकं. कोपऱ्यात एक लाकडी पेटी. तिच्यात मळक्या मलमलीत गुंडाळलेली स्कोपची लेन्स. पितळी बांधणीची, दुधाच्या लोटीएवढी, आणि उचलली की अंदाजापेक्षा जड. मामा ती मला फक्त बघू द्यायचे. पोटच्या पोरालाही हात लावत नसतील इतक्या हळुवारपणे ते तिच्यावर फुंकर मारायचे.

तुटक्या फिल्मचे तुकडे मात्र मला मिळायचे. रीळ तुटलं की ऑपरेटर दोन-चार चौकटी कापून जोड मारतो, तो कापलेला माल माझा. त्याचा सिनेमा कसा करायचा, हे त्या वेळच्या गावाकडच्या कुठल्याही पोराला विचारा. गेलेला बल्ब घ्यायचा, बुडाचं काळं हळूच फोडायचं, आतली तार-काच काढायची, बल्ब पाण्याने भरायचा. झाली लेन्स. खोलीची दारं-खिडक्या बंद, बाहेर उन्हात एक जण आरसा धरून बसलेला, फटीतून कवडसा आत, कवडशात उलटी धरलेली फिल्म, पुढे बल्ब आणि समोर आजीचं पांढरं लुगडं. लुगड्यावर नायक यायचा. पण कसा? काडी पैलवान. तोंड पडवळासारखं, हत्ती असला तर जिराफाच्या अंगाने गेलेला. मला वाटायचं बल्बच वाकडा. मामांना विचारलं तर म्हणाले, “बल्ब बरोबर आहे. फिल्म स्कोपची आहे.”

भानगड अशी आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट जवळजवळ चौकोनी. तिच्यात लांबरुंद देखावा मावायचा कसा? कॅमेऱ्याला अशी लेन्स लावायची की ती देखावा फक्त आडवा दाबते, रुंदी निम्मी करते, उंचीला हात लावत नाही. फिल्मवर सगळे सुकलेले उमटतात. मग टॉकीजमध्ये प्रोजेक्टरला उलट गुणाची लेन्स लावायची, ती दुप्पट पसरवते, आणि माणसं परत माणसांत येतात. मामांची ती पितळी लेन्स म्हणजे सुकट भिजवून मासा करणारी लेन्स. ती लावायला विसरलं की पहिल्या दोन सेकंदांत खालून शिट्ट्या आणि ऑपरेटरच्या आईचा उद्धार.

पण मला आज सांगायचंय ते लेन्सचं नाही, दोरीचं. त्या टॉकीजच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या मखमलीचे पडदे होते, कप्पी आणि दोरीवर सरकणारे. तेव्हा सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट दाखवावा लागायचा. पूर, धरणाची पायाभरणी, पंतप्रधानांचा दौरा. तो साध्या चौकटीत असायचा, म्हणून काळे पडदे आत ओढलेले. मामा वार्तापट दोन नंबरच्या मशीनवर चढवायचे आणि सिनेमाचं पहिलं रीळ, स्कोपची लेन्स लावून, एक नंबरवर तयार ठेवायचे. वार्तापट संपला, मशीन बदललं, की खाली एका पोऱ्याने दोरी ओढायची. काळा पडदा दोन्हीकडे सरकतोय, चित्र बाजूंना उघडत चाललंय, उंची तीच पण रुंदी बघता बघता पावणेदोन पट. तिथे पहिली शिट्टी पडायची, नायक यायच्याही आधी. पोस्टरवर ‘ईस्टमनकलर’च्या खाली कमानीसारखं ‘सिनेमास्कोप’ लिहिलेलं असायचं, त्याचे पैसे त्या क्षणी वसूल.

एका दुपारच्या खेळाला पोऱ्या आजारी पडला आणि दोरी माझ्या हातात आली. मी ओढली. डावीकडचा पडदा सुरेख सरकला. उजवीकडचा कप्पीत अडकला आणि मी घाबरून दोरी सोडून पळालो. पहिलं अख्खं रीळ, म्हणजे वीसेक मिनिटं, बार्शीकरांनी नायिकेचे वडील काळ्या मखमलीवर पाहिले. मामा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. पुन्हा दोरी दिली नाही, एवढंच.

काळ्या पट्ट्या टॉकीजमध्येही होत्याच, त्या कुणाच्या नजरेत भरत नव्हत्या एवढंच. चित्राच्या आकाराप्रमाणे पडदा बदलणारा माणूस तिथे होता. घरी भिंतीवर टांगलेल्या काचेला तुम्ही दोरी लावू शकत नाही. तिचा आकार कारखान्यातच ठरलेला. आणि मुख्य फसगत इथे आहे: टॉकीजमध्ये स्कोप म्हणजे मोठं चित्र, घरी स्कोप म्हणजे बुटकं चित्र. तिथे उंची कायम ठेवून बाजू वाढायच्या, इथे बाजू कायम ठेवून उंची घटते. दिग्दर्शकाने ज्याला भव्य केलं ते आमच्या हॉलमध्ये येऊन बारकं होतं. आईचा राग चुकीच्या पत्त्यावर होता, पण राग खरा होता.

मग एवढे वेगवेगळे आकार केलेच कुणी, म्हणून मी जरा खणत बसलो. एडिसनच्या प्रयोगशाळेतल्या डिक्सनने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका चित्रामागे चार भोकं ठरवली, त्यातून चौकट निघाली चारास तीन. बोलपट आल्यावर आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला बसवावी लागली, चौकटीची मापं हलली, आणि १९३२ मध्ये हॉलिवूडच्या अकॅडमीने १.३७ रुंदीला १ उंची असं बसवून टाकलं. आपल्याकडे ‘अयोध्येचा राजा’ आला ते हेच वर्ष. ‘संत तुकाराम’ याच जवळजवळ चौकोनी चौकटीतला. पुढे टीव्ही आला, त्यानेही बिनबोभाट चारास तीनच उचललं.

नेमकं तिथेच बिनसलं. अमेरिकेत लोक घरी टीव्हीपुढे बसायला लागले, थिएटरं ओस पडायला लागली. घरी जे मिळत नाही ते दाखवा, म्हणून पडदा रुंद झाला. सप्टेंबर १९५२ मध्ये न्यूयॉर्कला सिनेरामा आला, तीन प्रोजेक्टर एकदम चालवून एका वळणदार पडद्यावर एक चित्र. थाट जबरदस्त, पण तीन-तीन मशीन परवडणार कुणाला? पुढच्याच वर्षी फॉक्स कंपनीने आन्री क्रेतियँ या फ्रेंच प्राध्यापकाने १९२० च्या दशकात तयार केलेली दाबणारी लेन्स बाहेर काढली, तिला सिनेमास्कोप नाव दिलं आणि ‘द रोब’ लावला. तेच १९५३ साल आपल्याकडे ‘श्यामची आई’चं. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’, १९५९ चा. त्यातला तो वरून उतरणारा उन्हाचा प्रसिद्ध झोत कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी ऊन आत वळवून मिळवला होता. हे वाचल्यावर मला आमचा आरसेवाला मित्र आठवला. तो दर पाच मिनिटांनी हात दुखतो म्हणून सिनेमा बंद पाडायचा.

म्हणजे टीव्हीला हरवायला सिनेमा रुंद झाला, आणि तोच रुंद सिनेमा टीव्हीवर बघताना आई टीव्हीला दोष देतेय. सूड पुरा झाला म्हणायचा.

चौकोनी टीव्हीच्या काळात हा घोळ नव्हता का? होता, उलट जास्त होता. दूरदर्शनवरच्या रविवारच्या हिंदी सिनेमात श्रेयनामावलीला सगळे सुकलेले दिसायचे, कारण नावं तरी अख्खी यायला हवीत. नावं संपली की माणसं एकदम भरायची आणि दोन्ही बाजू गायब. साधारण चाळीस टक्के चित्र बाहेरच राहायचं. दोन माणसं दोन टोकांना असली की यंत्रावर बसलेला कुणीतरी चौकट इकडून तिकडे सरकवायचा. दिग्दर्शकाने कॅमेरा हलवलेलाच नसायचा. आम्हाला पट्ट्या दिसत नव्हत्या म्हणून आम्ही समाधानी. कापलेला सिनेमा बघत वाढलो आणि ‘फुल स्क्रीन’ म्हणून खूश होतो.

आता माझा धंदा. मी हिशेबाच्या कामातला माणूस, मोजल्याशिवाय मला झोप येत नाही. एका रात्री टीव्हीला टेप लावली. काच ९५ सेंटीमीटर रुंद, साडेत्रेपन्न उंच. हा आकार सोळास नऊ. स्कोप सिनेमा आजकाल २.३९ ला १ असतो, म्हणजे ९५ रुंदीला उंची ४० भरते. उरलेले साडेतेरा वर-खाली वाटून प्रत्येकी जवळजवळ सात. टेपही सातच्या आतबाहेर दाखवत होती. काही सिनेमे १.८५ चे असतात, त्यांची पट्टी एक सेंटीमीटरची, आईच्या नजरेला ती आलेलीच नाही. मग ‘संत तुकाराम’च्या जमान्यातल्यासाठी, ढोबळ चारास तीन धरून, केलं: उंची साडेत्रेपन्न कायम, रुंदी ७१, आणि पट्ट्या डावी-उजवीकडे बारा-बारा. या पट्ट्या घालवायच्या म्हणून तर त्या पोराने वडिलांची आवडती नायिका जाड केली होती.

सवयीने क्षेत्रफळंही काढली. ९५ गुणिले ४०, ३८००. ७१ गुणिले साडेत्रेपन्न, ३७९८. मी कॅल्क्युलेटर पुन्हा दाबला. पार आडवा सिनेमा आणि पार चौकोनी सिनेमा, दोघांना टीव्हीवर जागा सारखीच मिळते! ताळेबंद असा पहिल्या फटक्यात जुळला की आमच्या धंद्यात संशय येतो. पण हा योगायोग नव्हे. १९८० च्या दशकात नव्या टीव्हीचा आकार ठरवायची वेळ आली तेव्हा कर्न्स पॉवर्स या अमेरिकन इंजिनियरने चालू असलेल्या सगळ्या आकारांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत घेतले आणि मध्यबिंदू जुळवून एकमेकांवर ठेवले. सगळ्यांना कवेत घेणारा बाहेरचा आयत १.७७ चा निघाला आणि सगळ्यांत सामाईक असलेला आतला आयतही १.७७ चाच. तेच आपलं सोळास नऊ. चारास तीनचा वर्ग करून बघा, सोळास नऊच येतो. दोन भावांची वाटणी करणाऱ्या शहाण्या आजोबांनी ठरवावं तसं ठरलं: पूर्ण कुणालाच नाही, पण तोटा दोघांनाही सारखा, पाव टीव्हीचा.

मालिका आणि बातम्या सोळास नऊमध्येच शूट होतात, म्हणून त्या भिंतीला भिंत लावून बसतात. माझ्या मुलीचा यात वेगळाच सूर. तिचा फोन वीसास नऊ, आडवा धरला की स्कोप सिनेमा जवळजवळ काठोकाठ बसतो. “आजी, माझ्याकडे पट्ट्या नाहीत,” म्हणून ती वीतभर स्क्रीनवर रणांगण बघते. बघो बापडी.

मामांची तक्रार तिसरीच होती. रात्री दिवे मालवून बसलो तर म्हणाले, “ही पट्टी काळी कुठाय? राखाडी आहे.” खरंच होतं. आमचा टीव्ही साध्या एलसीडी जातीचा. त्यात मागे दिवा सतत जळत असतो, पुढचे स्फटिक दार लावतात, पण फटीतून उजेड झिरपतो. ओलेड टीव्हीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, तिथे काळं म्हणजे खरंच काळं. त्याची किंमत मी मामांना सांगितली नाही. त्यांनी त्यांच्या मखमलीची किंमत मला सांगितली: मालकाने सोलापुरातून उधारीवर आणली होती, आणि दर दसऱ्याला ते स्वतः ती झटकायचे, कारण धूळ बसली की काळं राखाडी होतं.

डोळा उघडल्यावर त्यांना जवळच्या एका मल्टिप्लेक्सला नेलं. सिनेमा स्कोप होता. जाहिराती संपल्या, मी सवयीने बाजूंकडे बघितलं. काहीच हललं नाही. पडदा आधीपासून सोळास नऊच्या आसपासचा, सिनेमा सुरू झाला आणि वर-खाली पट्ट्या आल्या, हुबेहूब आमच्या हॉलसारख्या, त्याही राखाडी. आता स्कोपची लेन्स नाही, दाबणं नाही. डिजिटल फाइल येते, स्कोपची असेल तर २०४८ ठिपके रुंद, ८५८ उंच, आणि बऱ्याच ठिकाणी पडदा झाकायची तसदी कुणी घेत नाही. मामांनी वळून मागच्या भिंतीकडे पाहिलं. झरोक्यातून उजेड येत होता. आत माणूस दिसत नव्हता.

“तीनशे रुपये ना तिकीट?” त्यांनी विचारलं.

“साडेतीनशे.”

“आणि दोरी ओढायला पोरगं नाही ठेवलं.”

मामा बार्शीला परतले. मी टीव्हीचं सेटिंग पुन्हा मूळ आकारावर आणून ठेवलं आणि आईला बजावलं की याला कुणी हात लावायचा नाही. तिने मानलं, कारण अण्णाने सांगितलं होतं. परवा ऑफिसातून आलो तर ती चष्मा पुसत टीव्हीसमोर उभी. कुठल्याशा चॅनेलवर हिंदी सिनेमा चालू होता, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरलेला.

“हा स्कोपचा होता रे,” ती म्हणाली. “मी तुझ्या वडिलांबरोबर टॉकीजमध्ये पाहिलाय. या गाण्यात तिच्या शेजारी एक झोपाळा होता. कुठे गेला तो? पट्ट्या का नाहीत आज?”